आधी शेंगा, मग पेन्सिल : लेकरांच्या बोटांत बळ आणणारे खेळ

अंगणवाडीत नव्यानं रुजू झालेली ताई असो की पहिल्या लेकराची आई, तीन वर्षांच्या पोराच्या हातात पाटी दिली की दोघींची तक्रार एकच. याला लेखणी धरताच येत नाही. मुठीत आवळतं, खांद्यापासून सगळा हात हलवतं आणि दोन रेघा ओढून पाटी टाकून पळतं. त्या वयाला हे अगदी बरोबर आहे. जन्मतः मनगटात हाडांच्या जागी नुसती कूर्चा असते. तिथली आठ हाडं एकेक करून तयार व्हायला दहा-बारा वर्षं लागतात. हाताचा ताबाही वरून खाली उतरत येतो : आधी खांदा, मग कोपर, मग मनगट आणि सगळ्यात शेवटी बोटांची टोकं. लेखणी हे त्या शेवटच्या पायरीचं काम, आणि आपण ते पहिल्या दिवशी मागतो.

मधल्या पायऱ्यांचं सामान आपल्याकडे घरात, आंगणात, वावरात वर्षभर पडलेलं असतं. तारा मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालवाडी सुरू केली, तेव्हापासून आजूबाजूच्या वस्तूंवर बालशिक्षण उभं करण्याची वाट मराठीत रुळलेली आहे. कुठलं काम कुठल्या वयाला द्यायचं आणि कसं द्यायचं, एवढंच खाली सांगितलं आहे.

खेळाच्या आधी : टोपल्यातून काय काढून टाकायचं

हा भाग वगळून पुढं जाऊ नका. बिया-दाण्यांचे खेळ चांगले असतात, पण सगळ्या बिया चांगल्या नसतात.

गुंज लाल-काळी, सुंदर दिसते आणि जहाल विषारी असते. एरंडी, धोतऱ्याचं बी आणि कुंपणाला लावतात त्या चंद्रज्योतीच्या बिया यांनाही घरात जागा नाही. आपल्या विदर्भातला आणखी एक धोका म्हणजे पेरणीचं बियाणं. सरकी, सोयाबीन, तूर यांच्या पाकिटातला लाल, निळा, हिरवा रंग म्हणजे बियाण्याला लावलेलं औषध असतं. उरलेलं बियाणं 'रंगीत आहे, पोट्टे खेळतील' म्हणून देऊ नका. फवारणीच्या बाटल्यांची झाकणं, मोजमापाचे प्याले आणि खताची पोती कितीही धुतली तरी खेळात घेऊ नयेत. फवारलेल्या वावरातला कापूसही नको.

दुसरा धोका घशात अडकण्याचा. एक पुठ्ठा घ्या आणि त्याला सव्वातीन सेंटिमीटर रुंदीचं गोल भोक पाडा. दहाचं नाणं २.७ सेंटिमीटरचं असतं, भोक त्याहून थोडं मोठं येईल. या भोकातून पार होणारी कुठलीही वस्तू तीन वर्षांखालच्या लेकराला खेळायला द्यायची नाही. चिंचोके, सीताफळाच्या बिया, कवड्या, कंचे, बटणं सगळं त्यात आलं. घड्याळाचे आणि खेळण्यातले चपटे सेल तर कुठल्याच वयाला नकोत. गिळले की काही तासांत अन्ननलिका जाळतात.

तिसऱ्या वर्षानंतरही बारीक वस्तू मोजूनच द्या. प्रत्येकाला दहा द्या, दहा परत घ्या. नऊ आले तर दहावा सापडेपर्यंत कुणी जागचं हलायचं नाही. मोजणी आपोआप शिकून होते, हा वरचा फायदा.

तरीही अडकलंच, तर? लेकरू जोरात खोकत असेल तर खोकू द्या. आवाज आणि श्वास दोन्ही बंद झाले तर पुढं वाकवून दोन फऱ्यांच्या (खांद्यामागच्या चपट्या हाडांच्या) मध्ये तळहातानं पाच जोरदार थापा मारा. वर्षाच्या आतलं बाळ असेल तर हातावर पालथं, डोकं खाली करून धरा. तेवढ्यानं निघालं नाही तर बाळाला उताणं करून छातीच्या मध्यावर दोन बोटांनी पाच दाब द्या. मोठ्या लेकराला मागून धरून बेंबीच्या वर आत-वर असे पाच झटके द्या. थापा आणि दाब आलटून पालटून चालू ठेवा आणि दुसऱ्याला १०८ लावायला सांगा. वस्तू दिसत नसताना घशात बोट घालू नका, ती आणखी खाली जाते.

खांद्यापासून सुरुवात

हे थोडक्यात. रांगणं हा हाताचा पहिला मोठा व्यायाम आहे, म्हणून लवकर उभं करण्याची घाई नको. तीन-चार वर्षांच्या पोरांना फांदीला लोंबकळू द्या. मागून पाय धरून हातावर चालवा, पाण्यानं अर्धा भरलेला गडवा उचलून न्यायला सांगा. ओलं फडकं पिळणं तर फार कामाचं, कारण त्यात दोन्ही मनगटं उलट दिशांना फिरतात. हात पुसायचा रुमाल घ्या, मोठा टॉवेल नको. पाणी निथळलं नाही तरी आपण पुन्हा पिळून दाखवायचं नाही.

सोलणं

सगळ्या खेळांत हा राजा, आणि स्वयंपाकालाही मदत होते. क्रम मात्र पाळा. आधी हरभऱ्याचे घाटे, मग वाटाणा, मग ओली तूर आणि शेवटी भुईमूग. घाटा फुगीर असतो, अंगठा आणि पहिलं बोट यांत दाबला की 'फट्' होऊन उघडतो. तीन वर्षांचं लेकरूही मांडीवर बसून फोडतं, फक्त आतला दाणा लगेच आपल्या वाटीत घ्यायचा. घाट्यांवर आंब असते. ती डोळ्याला आणि बोटाच्या चिरेला झोंबते, म्हणून घाटे धुऊन द्या आणि नंतर हातही धुवा.

तुरीची शेंग साडेतीन-चार वर्षांना. शेंग डाव्या हाताच्या चिमटीत देठाजवळ धरायची. कडेनं एक बारीक रेघ जाते, ती तिची शिवण. उजव्या अंगठ्याचं टोक, नखाच्या अगदी खालचा भाग, त्या रेघेवर ठेवून दाबायचं आणि पुढं सरकवायचं. शेंग फाकली की अंगठा आत घालून एकेक सोला वाटीत पाडायचा. डावा हात स्थिर आणि उजवा कामात, ही वाटणी इथं पक्की होते. पुढं एका हातानं वही धरून दुसऱ्यानं लिहायचं असतं, त्याची सवय ही अशी लागते.

काय बिघडतं? लेकरू दात लावतं. शेंग जून असेल तर हमखास लावतं, कारण अंगठ्याचं बळ पुरत नाही. अशा वेळी 'दात नको' म्हणून ओरडण्यापेक्षा कोवळ्या शेंगा निवडून द्या, किंवा शिवण आपण टोकाला अर्धा सेंटिमीटर उघडून द्या. दुसरी चूक मोठ्यांची. टोपलंभर शेंगा समोर ओतल्या की लेकराला काम संपणारच नाही असं वाटतं. दहा शेंगा द्या. पाच-सात मिनिटांत दहा झाल्या की मोकळं सोडा, आणखी मागितल्या तर आणखी दहा. त्याच सोल्यांची भाजी संध्याकाळी ताटात आली, की दुसऱ्या दिवशी बोलवावं लागत नाही.

भुईमुगाची वाळकी शेंग पाच वर्षांच्या आत फुटत नाही, बोटं दुखतात. आणि अख्खा शेंगदाणा पाच वर्षांखालच्या लेकराला खायला देऊच नये, कुटून द्या.

माती आणि कणीक

काळी माती एकटी घेतली की फसते. ओली असताना फुगते, वाळताना आकसते, आणि दुसऱ्या दिवशी मातीच्या बैलाच्या पाठीला भेगा. दोन भाग काळी माती आणि एक भाग चाळलेली बारीक रेती असं माप घ्या. माती उकिरड्याजवळची किंवा फवारलेल्या वावरातली नको. खडे आणि मुळं काढून चाळा, रात्रभर भिजवा, सकाळी वरचं पाणी ओतून मळा. सुतळीचे बोटभर तुकडे उसवून त्यात मिसळले तर भेगा आणखी कमी पडतात. परीक्षा सोपी आहे. बोटाएवढी जाड वळी करून ती आपल्या बोटाभोवती वळवा. तडा गेला तर पाण्याचा हात लावून आणखी मळा, हाताला चिकटली तर पोत्यावर पसरून थोडी सुकवा.

लेकराला बोराएवढा नको, मोठ्या लिंबाएवढा गोळा द्या. दोन वर्षांचं थापेल आणि बोटं खुपसेल, तेवढं पुरे. तीनचं दोन तळव्यांत लांबट वळी करतं, गोल गोळा जमायला चौथं वर्ष उजाडतं. चिमटीनं ओढून शिंग, कान, शेपटी काढणं त्यानंतर. बैलाचे पाय वेगळे करून चिकटवले तर वाळल्यावर गळतात. म्हणून पोटाच्या गोळ्यातूनच खाली ओढून काढायला शिकवा. चिकटवायचेच असतील तर दोन्हीकडे काडीनं ओरखडे काढा, पातळ चिखल लावा, मग दाबा. सावलीत दोन-तीन दिवस वाळवा. उन्हात ठेवलेला बैल संध्याकाळपर्यंत तडकतो.

मातीची सोय नसेल तिथं कणीक. गव्हाचं पीठ दोन वाट्या, मीठ एक वाटी, तेल एक चमचा, पाणी लागेल तसं पाऊण ते एक वाटी. मीठ टिकण्यासाठी असतं. झाकणाच्या डब्यात आठवडाभर राहते, पावसाळ्यात मात्र तीन दिवसांनी बदला. जे लेकरू अजून सगळं तोंडात घालतं त्याला ही खारट कणीक देऊ नका, एवढं मीठ पोटात जाणं बरं नाही. त्याला पोळ्यांच्या कणकेतलाच गोळा तोडून द्यावा.

माती खाणारं किंवा लेखणी चघळणारं लेकरू दिसलं तर मारू नका, आशाताईंना सांगा. बऱ्याचदा रक्तातलं लोह कमी असतं.

तान्ह्या पोळ्याची माळ

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं लाकडी नंदी घेऊन निघतात. त्या नंदीच्या गळ्यातली माळ लेकरानं स्वतः ओवावी यासाठी महिनाभर आधीपासून तयारी करता येते. ओवणं एकदम दोऱ्यावर सुरू करू नका.

पहिली पायरी : मातीच्या गोळ्यात तुराटीचा (तुरीच्या वाळक्या काडीचा) वीतभर तुकडा उभा खोचा आणि जुन्या प्लास्टिकच्या बांगड्या त्यात टाकायला द्या. तुराटीचं टोक आधी दगडावर घासून बोथट करा. हे दीड-दोन वर्षांचं काम.

दुसरी पायरी : हातात कडक काडी आणि मोठ्या भोकाचे मणी. पपईच्या पानाचा देठ आतून पोकळ असतो. त्याचे दोन-दोन सेंटिमीटरचे तुकडे करून धुतले आणि दोन दिवस वाळवले की फुकटचे मणी. ताज्या देठाच्या चिकानं कातडी चुरचुरते, म्हणून कापणं मोठ्यांनीच करावं. पुठ्ठ्याच्या भोकातून हे तुकडे जातात, तेव्हा तीन वर्षांनंतरच.

तिसरी पायरी : दोरा. मऊ दोऱ्याचं टोक भोकाशी आलं की वाकतं आणि लेकरू चिडतं. टोकाचे चार-पाच सेंटिमीटर वितळलेल्या मेणात किंवा बाभळीच्या डिंकाच्या घट्ट पाण्यात बुडवून वाळवा, सुईसारखं कडक होतं. दुसऱ्या टोकाला एक मणी गाठ मारून बांधा, नाहीतर सगळी मेहनत मांडीवर सांडते.

आता नीट बघा, लेकरू कुठं अडतं ते. दोरा भोकात घालणं त्याला जमलेलं असतं. अडतं ते हात बदलताना. उजव्या हातानं ढकलायचं, पलीकडून टोक दिसलं की डाव्यानं मणी धरून ठेवायचा आणि उजव्यानं पुढं येऊन टोक ओढायचं. तो उजवा हात सोडतो आणि दोरा परत मागं येतो. त्याच्या मागं बसून, त्याच्या हातांवर हात ठेवून हे तीन-चार वेळा करा, तोंडानं म्हणत : 'घाल, धर, ओढ.' दोरा टोकापासून दीड-दोन सेंटिमीटरवर धरलेला असावा. लांब धरला की हलतो, अगदी टोकाला धरला की पलीकडं काही उरतच नाही.

काचेचे बारीक मणी सहाव्या वर्षापर्यंत राहू द्या. झेंडूची फुलं मात्र पाचव्या वर्षी बोथट जाड सुईनं, आपण शेजारी बसून.

वाती, गव्हले, सरगुंडे

आज्यांचा हा विभाग, त्यांनाच सोपवा. फुलवात वळायला बोराएवढा कापूस चिमटीत घ्यायचा, कडेकडेनं ओढून गोल चकती करायची, मधोमध बोट लावून वर उचलायचं, आणि वरचं टोक अंगठा व दोन बोटांत धरून एकाच दिशेनं पिळायचं. वात उलगडते कारण लेकरू पुढं-मागं पिळतं. टोकाला थोडी राख लावून दिली की पकड बसते. ही अंगठा आणि दोन बोटांची पकड म्हणजेच लेखणीची पकड. साडेचार-पाच वर्षं हे त्याचं वय.

उन्हाळ्यात शेवया, गव्हले होतात तेव्हा एक गोळी लेकराला द्या. गव्हला तांदळाएवढा यायला हवा, त्याचा येईल बोराच्या बीएवढा. वेगळ्या ताटात वाळवा, त्याच्यासमोर फेकू नका. सरगुंडे त्याहून सोपे : बोटभर रुंदीची कणकेची पट्टी काडीभोवती गुंडाळायची. पट्टी एकावर एक चढली तरी चालतं, घरच्याच पोटात जाणार आहे. विदर्भातल्या उन्हात हे सगळं सकाळी दहाच्या आत उरकावं.

फाडणं, मग कातरणं

जुनं वर्तमानपत्र वरून खाली फाडलं तर सरळ फाटतं, आडवं फाडलं तर भलतीकडं जातं. पहिल्या दिवशी वरून खाली द्या आणि कडेला एक चीर पाडून द्या. दोन्ही हातांच्या चिमटी चिरेच्या जवळजवळ हव्यात. एक हात पुढं, एक मागं. दोन्ही बाजूंना नुसतं ताणलं तर कागद फाटत नाही, चुरगळतो.

कात्री साधारण तिसऱ्या-चौथ्या वर्षी. गोल टोकाची हवी पण धार असलेली. बोथट कात्रीत कागद दुमडतो आणि लेकराला वाटतं आपल्यालाच जमत नाही. अंगठा वर, कोपर कुशीजवळ. सुरुवातीला दोन सेंटिमीटर रुंद पट्टी द्या, म्हणजे एका कापात तुकडा पडतो. नंतर सरळ रेघ आणि शेवटी गोल. डावखुऱ्या लेकराला साधी कात्री खरोखर कापत नाही, कारण डाव्या हाताच्या दाबानं पाती एकमेकांपासून दूर जातात. दुकानात डावखुरी कात्री मिळते. आणि डाव्या हातावर मारून तो उजवा होत नाही, नुसता मागं पडतो.

रेघ

सगळ्यात शेवटी, आणि तीही जमिनीवर नको, भिंतीवर. भिंतीला जमिनीपासून तीन फुटांपर्यंत काळा रंग मारा. उभ्या पृष्ठभागावर लिहिताना मनगट आपोआप मागं वळतं, तेच पुढं वहीवर लागतं. खडू अखंड देऊ नका. दोन-तीन सेंटिमीटरचा तुकडा मुठीत मावतच नाही, लेकराला तो चिमटीतच धरावा लागतो. ही युक्ती दहा वेळा 'नीट धर' म्हणण्यापेक्षा जास्त चालते. सारवलेल्या आंगणात चिमटीनं रांगोळी सोडणंही याच कामाचं.

काय मागायचं? दोन वर्षांना उभी रेघ, तीनला गोल, चारला अधिकाचं चिन्ह, साडेचारच्या आसपास चौकोन, पाचला त्रिकोण. महिना-दोन महिने पुढंमागं होतंच. अक्षरं ज्या तिरप्या रेघांनी बनतात त्या त्रिकोणानंतर येतात. तेव्हा साडेतीन वर्षांच्या पोराकडून 'अ' गिरवून घेणं दोघांचाही वेळ घालवणं आहे. 'लिहायला कधी शिकवता?' असं पालक विचारणारच. त्यांना एक दिवस बोलवा, त्यांच्याच पोराला तूर सोलताना दाखवा आणि अंगठ्याकडं बोट करा.

मोबाइलवर बोट सरकवून यातलं काही होत नाही. काचेला दाबावं लागत नाही, धरावं लागत नाही.

वीस पोरं, दोन बाया

सगळ्यांना एकच काम दिलं की सामान अपुरं आणि भांडणं पुरेशी. चार टोपली करा : सोलणं, माती, ओवणं, भिंत. पाच-पाच जण. बारीक वस्तूंच्या टोपल्याशी ताई, मातीशी मदतनीस. दहा मिनिटांनी टोपलं बदला, लेकरं उठवू नका. बसायला जमीन उत्तम. खुर्ची असेल तर पाय जमिनीला टेकले पाहिजेत. लोंबणाऱ्या पायांच्या लेकराचं अर्धं बळ तोल सांभाळण्यात जातं.

कधी दाखवून आणायचं

चार महिन्यांनंतरही मुठी कायम आवळलेल्या असणं. नऊ महिन्यांचं होऊनही वस्तू या हातातून त्या हातात न घेणं. सव्वा वर्षात चिमटीनं मुरमुरा न उचलता येणं. दीड वर्षाच्या आत एकच हात वापरणं आणि दुसरा पडून असणं. याला डावखुरेपणा समजून गप्प बसू नका, त्या हातात अशक्तपणा असू शकतो. आलेलं कौशल्य गेलं तर लगेच डॉक्टर.

आपल्या भागासाठी एक खास गोष्ट. सहा महिने ते तीन वर्षांच्या लेकराची बोटं किंवा हातपाय सुजले, दुखतात म्हणून ते वस्तू धरत नाही, तर मुका मार म्हणून हळद लावून थांबू नका. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची सुरुवात अशी होऊ शकते. प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी करून घ्या.

बाकी शंकांसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं. गरज वाटली तर ते जिल्हा रुग्णालयाच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतं. जाताना माता व बाल संरक्षण कार्ड, आणि लेकरू वस्तू उचलताना घरी काढलेला मिनिटभराचा व्हिडिओ सोबत न्या. परक्या जागी ते हात मुठीत धरून बसतं आणि डॉक्टरांना काहीच दिसत नाही.